पंचावन्नच्या आत

साठ मिनिटं

"पंचावन्न सहाशे," काट्यामागचा माणूस म्हणाला आणि ऋतिकाच्या नावापुढची जागा त्यानं कोरीच ठेवली.

किशोरी गटाला पंचावन्न किलोंच्या वर एक ग्रॅम चालत नाही. नऊ वाजेपर्यंत उतरवलं तर जिल्ह्याच्या कबड्डी निवडीत, नाहीतर घरी. तिच्या संघाच्या जगदीश सरांनी पिशवीतून प्लास्टिकचा रेनकोट काढला. चौक गावच्या मैदानावर नोव्हेंबरचं कोरडं ऊन चढत होतं.

"घाल आणि पळ. घाम गेला की वजन गेलं."

ऋतिका पळायला लागली. तिची आई नंदा दोरीपाशी उभी. डाव्या कोपऱ्यातून ही पोर चढाईवालीचा घोटा धरते तेव्हा त्यांच्या कडाव गावची म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहतात. आज तिचेच पाय एकमेकांत अडकत होते.

सत्तेचाळीस

जूनमध्ये त्रेपन्न किलो होती.

दर रविवारी नंदा तिला भातगिरणीत नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभी करायची. गिरणीवाला धनेश दात काढायचा.

"वयनी, हे भाताचं वाण कुठलं? कर्जत-तीन का कर्जत-सात?"

"तुझ्या थोबाडाचं वाण बघ आधी!"

पण आकडा वर गेलेला. नंदाला कारण ठाऊक होतं : पोर झोपते. शाळा नसली की दहापर्यंत लोळते. खाऊन झोपलेलं ढोर अंगानं सुटतं, मग माणूस का नाही सुटणार?

म्हणून पहाटे साडेचारला, म्हशीच्या धारेला.

"ऊठ गं. सुजशील झोपून झोपून."

आणि रात्री एकच भाकरी.

पोर उठायची. बादली धरून म्हशीला टेकायची आणि तशीच, उभ्या उभ्या झोपायची.

चोपन्न.

चोपन्न चारशे.

तेहतीस

"आई, पाणी."

"नाय. वजन वाढंल."

"गुळणी तरी?"

"थुकशील?"

"थुकते गं."

थुंकली नाही. नंदानं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

उपकेंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, या वयात झोपच उशिरा येते, बारा-एकपर्यंत पोरं टक्क जागी असतात, ती नाटकं नसतात. पहाटे उठवलंत म्हणून लवकर झोपणार नाही. झोप तेवढी तुटेल, आणि तुटलेली झोप भूक वाढवते.

"बाई, झोपंला काय पोट असतं?" नंदा हसली होती.

त्याच आठवड्यात गादीखाली फरसाणाची रिकामी पाकिटं सापडली. नऊ. तिनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला आणि दुसऱ्या दिवसापासून साडेचारऐवजी चारला उठवलं.

एकोणीस

पंचावन्न दोनशे.

"अजून चार फेऱ्या," सर म्हणाले.

ऋतिका मंडपाच्या सावलीत बसली. "पाचच मिनटं डोळं मिटते. मग उठव हां, आई. नक्की उठव."

"उठवते."

तो शब्द तिच्या कानापर्यंत पोचला की नाही कोण जाणे. रेनकोटसकट कलंडली.

चौदा

पाच मिनिटं झाली. नंदाचा हात सवयीनं खांद्याकडे गेला.

पाच महिने हा खांदा तिनं अंधारातच हलवला होता. उजेडात झोपलेलं तोंड बघितलंच नव्हतं. ओठ फुटलेले. डोळ्यांखाली जांभळट, कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं. नंदा त्या अंगात जाडी शोधत राहिली. सापडेना.

हात मागे आला.

सहा

"उठवा की तिला! दोनशेच ग्रॅम ऱ्हायलंय!"

"सर, हळू बोला."

"नंदाताई, पोरीचं वरीस जातंय!"

"म्हाईत हाय."

"पुढल्या वरसाला ती वयात बसत नाय. ही शेवटची संधी. माफ करंल का ती तुमाला?"

सर पुढे झाले तशी नंदा मधे येऊन बसली, पदर पसरून, जसं काही तिथं वाळवण होतं. भोंग्यावरून नाव आलं. ऋतिका सुनील भोईर, कडाव. पुन्हा आलं. मग दुसरंच नाव आलं.

वेळ संपल्यावर

ऋतिका आपली आपण जागी झाली. दोन माणसं वजनकाटा टेंपोत चढवत होती. तिनं मैदानाकडे पाहिलं. डाव्या कोपऱ्यात कुणीतरी खोपोलीची पोर उभी होती.

"किती वाजले?"

"पावणेअकरा."

"तू उठवलं नायस."

"नाय."

ऋतिकानं रेनकोट काढला. आख्खी बाटली पाणी प्याली, पाठ फिरवून. नंदानं खांद्याला हात लावला.

"हात लावू नको."

हात काढला.

"उद्या पण उठवू नको मला. परवा पण नको. कवाच नको."

"बरं," नंदा म्हणाली.