पिमताईचं शतक
पंचांनी बेल्स उचलल्या आणि केऊने टोपी उंच भिरकावली. चियांग माईच्या पोरी नाचत तिच्याभोवती जमल्या.

"जिंकलो! दीडशेच्या वर धावांनी जिंकलो!"

पेनांगच्या पाहुण्यांची शेवटची जोडी मात्र खिदळत एकमेकींना मिठ्या मारत होती. हरलेल्या बायका एवढ्या हसतात होय?

"सामना अनिर्णित," पंच म्हणाले.

"अहो, धावा बघा तरी!" कर्णधार केऊचा आवाज चिरकला. "आमच्या दोनशे शहाण्णव, त्यांच्या एकशे चाळीस!"

"त्यांची एक विकेट शिल्लक आहे आणि वेळ संपली. दहाही बाद कराव्या लागतात. तासभर आधीच डाव घोषित करून थांबायला हवं होतं तुम्ही."

केऊ मटकन खालीच बसली. थांबायचं? धावा होत असताना, आपणहून? वीस षटकांच्या सामन्यांत वाढलेल्या पोरी त्या. तिथं ज्याच्या धावा जास्त तो जिंकला, संपला विषय! दोन दिवसांचा खेळ त्या पहिल्यांदाच खेळत होत्या, आणि आज जिंकल्या असत्या तरच संघटना तो पुढे चालू ठेवणार होती.

नियम एकीनेच वाचले होते, पिमताईने. इंग्रजी पुस्तक समोर ठेवून तिने ते थाईत उतरवले होते. फार संथ खेळते म्हणून छत्तिसाव्या वर्षी तिला वीस षटकांच्या संघातून काढलं होतं. या लांबच्या खेळात तरी जागा मिळेल, म्हणून संघटनेच्या दारी खेटे घातले होते ते तिनेच.

पिमताई झाडाखाली बुटाची नाडी सोडत होती. केऊने तिच्या पिशवीतली वही ओढून काढली. तिसऱ्या पानावर, खाली रेघ मारून लिहिलेलं होतं: 'पुरेशा धावा झाल्या की डाव आपणच थांबवावा. नाहीतर समोरच्यांना बाद करायला वेळ उरत नाही.'

"ताई, जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं होतं, कुठवर खेळायचं? तू म्हणालीस, सगळ्या बाद होईपर्यंत."

पिमची बोटं नाडीतच अडकली.

"ब्याऐंशीवर होते गं. जन्मात शतक झालं नव्हतं माझं. म्हटलं, एवढं एक होऊ दे."

"अगं, पण खेळच गेला ना! तुझाच खेळ!"

तेवढ्यात संघटनेच्या मॅडम मोगऱ्याचा हार घेऊन आल्या.

"आपल्या क्लबातलं पहिलं शतक! हात पुढे कर, पिम." हार तिच्या ओंजळीत ठेवून त्या केऊकडे वळल्या. "हातातला सामना घालवलात कसा गं?"

केऊने वही मिटली.

"मला नियम माहीत नव्हता, मॅडम."

"असू दे. शनिवारपासून परत वीस षटकं. सकाळी सहाला या सगळ्या."

"मीपण?" पिमने विचारलं.

मॅडमनी मायेने तिच्या खांद्यावर थोपटलं.

"तू कशाला उन्हात दमतेस? झालं की तुझं शतक."