चौकटीवरच्या रेघा

नळाने घसा खाकरला आणि मी उठून बसले. बाकी घर गप्प होतं. आमचा नळ असा खाकरला की पाच मिनिटांत पाणी येतं आणि पाऊण तासात जातं, म्हणून झोपेतही माझा एक कान मोरीकडे असतो. बादल्या भरल्या, पिंप भरलं, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून घेतलं आणि मग मुंगसाला हलवलं. मुंगूस म्हणजे माझी मुलगी, साडेचार वर्षांची. कुठलीही फट दिसली की नाक खुपसते, म्हणून तिच्या बापाने ठेवलेलं नाव.

"आज नळांचा दिवस?" तिने डोळे न उघडता विचारलं.

मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे नळांचे दिवस. मी एका मोठ्या घरात नळ सोडायचं काम करते. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करतेय. टेकडीवरच्या त्या घराला नऊ बाथरूम आणि सत्तावीस नळ आहेत आणि तिथे कोणी राहत नाही. मालकीणबाईंची अशी सहा घरं; या घरी त्या वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतात. नळ बंद राहिले की बेसिनखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास वर येतो. म्हणून एकेक नळ सोडायचा, गरम पाणी हाताला लागेपर्यंत थांबायचं, बंद करायचा, पुढच्या खोलीत जायचं. मधेमधे धूळ पुसायची. पहिल्या आठवड्यात मला ते वाहतं पाणी बघवेना. एक कॅन भरून घरी नेऊ का, असं मी ते घर सांभाळणाऱ्या मॅनेजरांना विचारलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणाले, "इथलं काही बाहेर जात नाही हो. जातं ते फक्त गटारात." तेव्हापासून नळ सोडला की मी खिडकीबाहेर बघते.

नणंदेला जुळी झाली आणि सासूबाई तिकडे गेल्या, तेव्हापासून मुंगसाला मी बरोबर नेते. दुपारची दोन तासांची बालवाडी सोडली तर तिला ठेवायला जागा नाही. आधी मी एका दुकानात होते. तिला ताप आला म्हणून दोन दिवस घरी राहिले, तिसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दुसरी उभी होती. इथे मॅनेजरांनी एवढंच विचारलं, मूल कशाला हात लावणार नाही ना? मी म्हटलं, नाही. मूल बरोबर ठेवून करता येईल असं दुसरं काम मला आजवर कोणी दिलेलं नाही.

मालकीणबाईंना त्या घराचा एकच त्रास होता. त्यांना तिथे हॉटेलात उतरल्यासारखं वाटायचं. मागच्या खेपेला त्या चार दिवसांत वैतागून निघून गेल्या आणि मॅनेजरांच्या तोंडचं पाणी पळालं. मग उपाय सुरू झाले. एक माणूस येऊन नव्याकोऱ्या टेबलावर दोन दिवस लोखंडी साखळी आपटत बसला. ओरखडे पाडायची त्याची मजुरी म्हणे टेबलाहून जास्त. जुनी, कोणीतरी आधीच वाचलेली पुस्तकं आली, तीही फडताळाच्या लांबीने मोजून. एक मेणबत्ती आली, तिला नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांचा वास होता. माझ्या कामांच्या यादीतही भर पडली: सोफ्यावरची एक उशी तिरकी, पलंगाशेजारी अर्धा ग्लास पाणी, एक पुस्तक मधेच उघडून पालथं. पसारा वाटला पाहिजे, पण नीटनेटका, असं मॅनेजरांनी दोनदा बजावलं.

घरी सांगितलं तर नवरा पोळी तोंडात तशीच ठेवून हसला. "पसारा हवाय? टेम्पो पाठवा म्हणावं. आपल्याकडचा देऊन टाकू, भाडंसुद्धा नको."

बालवाडीच्या भिंतीवर एक जिराफ रंगवलाय. त्याला टेकवून मुलांची उंची बघतात आणि आमचं मुंगूस त्याच्या गुडघ्याला लागतं. तेव्हापासून तिला रोज मोजून घ्यायचं असायचं. घरी ते जमणारं नव्हतं. घरमालकीण काकूंनी आम्ही राहायला आलो त्याच दिवशी सांगून ठेवलेलं, भिंतीला खिळा नको, चिकटपट्टी नको, आणि पेन्सिल तर बापजन्मात नको. मागच्या भाडेकरूंच्या पोरांनी काढलेल्या आगगाडीचे डबे अजून रंगाखालून दिसतात. डबे मोजण्यावर मुंगसाला समाधान मानावं लागायचं.

त्या शुक्रवारी मी वरचे नळ उरकून खाली आले, तर स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून मुंगूस उभं. हातात माझ्या यादीची पेन्सिल. चौकटीच्या पांढऱ्या रंगावर ठसठशीत रेघ, एका बाजूने जरा चढलेली.

"मी एवढी आहे," ती म्हणाली. "टाचा नाही उचलल्या."

ओलं फडकं फिरवलं तर रेघ गेली नाही, भोवती राखाडी ढग मात्र झाला. तो रंग त्या घरासाठी मुद्दाम बनवून घेतलेला. बाजारात मिळत नाही, हे मॅनेजरांनी मला दहा वेळा ऐकवलं होतं. मी फडकं पिळून वाळत घातलं. तिला रागावायचंही सुचलं नाही. मंगळवारी आपणहून सांगून टाकायचं, असं ठरवून घरी आले आणि तीन दिवस ते वाक्य मनात घोळवत राहिले.

सोमवारीच फोन आला. मॅडम न कळवता आल्यात, तुम्ही लगेच या. कशाला, ते मॅनेजर बोलले नाहीत. मुंगसाला शेजारणीकडे सोडलं. टेकडी चढताना दुकानातल्या कोणाकोणाकडे शब्द टाकता येईल, ती नावं आठवत गेले. दोनच आठवली.

मालकीणबाई चौकटीपाशी अनवाणी उभ्या होत्या. साठीच्या आतबाहेरच्या, अंगात साधा सुती सदरा. त्यांचं बोट रेघेवर होतं. मॅनेजर दोन पावलं मागे, जमिनीकडे बघत.

"ही कोणाची?"

"माझ्या मुलीची," मी म्हटलं. "चुकून झा... चुकून नाही, तिने मुद्दामच मारली. माझं लक्ष नव्हतं. रंगाचं काय ते मी..."

"केवढी आहे?"

"साडेचार वर्षांची."

त्यांनी बोटाने रेघ गिरवली. मग म्हणाल्या, "माझा मुलगा सव्वीसचा आहे. साडेचारचा असताना तो कुठवर यायचा, मला नाही सांगता येणार. एका घरात आम्ही कधी सलग सहा महिने नव्हतोच." हे त्यांनी कुरकुरत सांगितलं नाही, पत्ता सांगावा तसं सांगितलं. "काल रात्री पाणी प्यायला आले आणि ही दिसली. या घरात पहिल्यांदा वाटलं की इथे कोणीतरी राहतं."

मला त्यांचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि नोकरी वाचली म्हणून त्याच क्षणी हायसंही वाटलं. दोन्ही एकदम.

बाकीचं मॅनेजरांनी मला बाहेर, गाड्यांच्या शेडपाशी नेऊन सांगितलं. रेघ पुसायची नाही. दर महिन्याला एक नवी मारायची. एकटीच रेघ विचित्र दिसते, म्हणून खाली आधीच्याही हव्यात, एका वर्षाची, दोनाची, तिनाची. नाव लिहायचं नाही, तारीख घालायची नाही. सगळं त्यांनी माझ्या यादीत अठरा, एकोणीस, वीस असे आकडे घालून उतरवलं.

"मुलीला आणू ना मग?" मी विचारलं.

"तिच्याशिवाय रेघ कशी मारणार? आणायचंच. फक्त मॅडम असताना नको."

मालकीणबाई या वेळी तीन आठवडे राहिल्या. तेवढे दिवस मला बिनपगारी सुट्टी होती. नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे आपलं मुंगूस वाढणार टेकडीवर आणि झोपणार इथे." मग बराच वेळ तो तिच्या पायाला चप्पल लावून बघत बसला. अंगठा पुढून बाहेर येत होता.

सुट्टीत मी एक दोरा घेतला. एका वर्षाची असताना ती ओट्याखालच्या चमच्यांच्या खणाची मूठ धरून उभी राहायची, डोकं मुठीच्या जरा वर. तिथवर दोरा धरून पहिली गाठ मारली. दोनाची होती तेव्हा मी पोळ्या लाटत असले की पायाला मिठी मारायची आणि तिचं कपाळ माझ्या मांडीवर इथे टेकायचं. ती जागा मला डोळे मिटून सापडते. दुसरी गाठ. तिसरी सोपी होती. खिडकीच्या उघड्या झडपेखालून ती न वाकता पळायची, आणि तीन वर्षांची झाली त्याच आठवड्यात ठणकन आपटली. टेंगूळ आलं तेव्हा आम्हाला कळलं, पोरगी वाढली.

मालकीणबाई गेल्यावरच्या मंगळवारी नळ सोडायच्या आधी मी तो दोरा चौकटीला लावला आणि गाठींपाशी तीन रेघा मारल्या. मुंगूस सगळ्यात खालच्या रेघेसमोर फतकल मारून बसलं.

"ही मी? एवढुशी?"

"एवढुशी. आणि तरी घर डोक्यावर घ्यायचीस."

मग तिला उभं करून या महिन्याची मारली. जुन्या रेघेहून केसभर वर. दोन बोटं वर मार, असा तिचा हट्ट होता. नाव लिहू का, म्हणाली. पहिलं अक्षर येतं तिला. इथे लिहायचं नसतं, म्हटलं. तिने ऐकलं.

मी सत्तावीस नळ सोडले, बंद केले, उशी तिरकी केली, ग्लास अर्धा भरला. निघायच्या वेळी हाक मारली तर ती अजून चौकटीपाशीच होती, वरच्या दोन रेघांवर पंजा पसरून.

"आई, इथलं काही घरी न्यायचं नसतं ना?"

"नाही."

"मग मी मोठी झाले की ह्या कशा न्यायच्या?"