न विचारण्याची रीत

इंग्रजांच्या त्या जुन्या काळच्या मालिका पाहिल्या की माझं डोकं फिरतं. चार भाग झाले तरी तो टोपीवाला खिडकीशी उभा, ती हातमोजे काढतेय नि घालतेय, आणि दोघं हवापाण्यावर बोलतायत. मी कपडे शिवून पोट भरलेली बाई, माझा कारभार एक घाव दोन तुकडे. पण डायलिसिसच्या खोलीत आमच्या सिस्टरला तेच आवडायचं, आणि हातात सुया खुपसून मशीनला बांधल्यावर उठून जाणार कुठे? मी आपली पडद्यालाच शिव्या घालायचे. "अरे बोल की मेल्या. तोंडात काय गुळणी धरलीस?"

शेजारच्या खाटेवरचे मोजणीदार हसायचे. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलाकडे राहणारा. त्यांच्या सुया उजव्या हाताला, माझ्या डाव्या. त्यामुळे दोघांचे हात एकमेकांपासून वीतभर अंतरावर असायचे, आणि दोन्ही हलवायला बंदी.

"बाई, तो बोलतोय की," ते म्हणायचे. "तिची खुर्ची शेकोटीजवळ सरकवली, बघितलं नाही?"

"खुर्च्या सरकवायला नोकर आहेत घरात. त्यानं तोंड उघडावं."

"सगळं तोंडानंच सांगायचं असतं का?"

"मग तोंड दिलंय कशाला? पाणी तर आपल्याला कोणी पिऊ देत नाही."

सोमवार, बुधवार, शुक्रवार, असं दीड वर्ष चाललं. शेवटच्या तासाला माझ्या पोटरीत गोळा यायचा, तेव्हा मी कण्हायच्या आधीच ते सिस्टरला हाक मारायचे. एवढं माझ्या नवऱ्यालाही कधी कळलं नव्हतं. एका शुक्रवारी मी ठरवून गेले. माझ्या दोन खोल्या आहेत, मुलगी तिच्या घरी सुखी आहे. सांगायचं, उरलेले दिवस माझ्याकडे काढा, लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण त्यांचा मुलगा न्यायला लवकर आला, आणि मी मनात म्हटलं, सोमवारी सांगू.

सोमवारी त्यांची गादी दुमडून ठेवली होती आणि फळ्यावरचं नाव पुसलेलं होतं.

आमच्यात याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. कोणी गेलं की सिस्टर सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. मशीनवरच्या माणसाच्या कानावर दुसऱ्याचं मरण घालू नये, त्याचा रक्तदाब कोसळतो, अशी त्या खोलीची रीत. दीड वर्षात सात गाद्या दुमडलेल्या पाहिल्या आणि एकीबद्दलही चौकशी केली नाही. आठवीबद्दलही केली नाही. घरी गेले, दाराला कडी लावली आणि पोटभर रडले. पुढे ती मालिका लागली की मी डोळे मिटून घ्यायचे.

चार महिन्यांनी आमच्या खोलीतली मशीनं बिघडली आणि मला शुक्रवारऐवजी शनिवारी बोलावलं. शनिवारची सिस्टर वेगळी होती. सुया टोचता टोचता म्हणाली, "टीव्हीला शिव्या देणाऱ्या शिवणवाल्या बाई त्या तुम्हीच का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मोजणीदारांनी. सुनेच्या कामाच्या वेळा बदलल्या ना, म्हणून ते आमच्याकडे मंगळ-गुरु-शनीला यायला लागले. झाले की चार महिने."

मी उठायला गेले. तिनं माझा खांदा दाबून धरला.

"कुठे आहेत ते?"

ती मशीनचे आकडे बघत राहिली. "बाई, तुमचा रक्तदाब खाली येईल."

"येऊ दे. मी विचारतेय. सांगा."

"मंगळवारी गेले," ती म्हणाली. "इथून घरी पोचले आणि संध्याकाळी गेले."

म्हणजे ज्या माणसाला मेला समजून मी चार महिने रडले, तो ते चारही महिने जिवंत होता. माझ्याच खोलीत, एका दिवसाच्या अंतरावर. मला स्वतःची किळस आली.

"मला कोणी का नाही सांगितलं?"

"आम्ही निरोप देतो म्हटलं होतं. तेच नको म्हणाले. म्हणाले, त्या मनात ठेवणाऱ्यातल्या नाहीत, मी दिसलो नाही तर आल्या आल्या विचारतील. विचारलं की तेवढं मला कळवा, मग मी बघतो." तिनं माझ्या हातावरची चिकटपट्टी सारखी केली. "मग आल्यावर पहिलं हेच. बाईंनी चौकशी केली का? मी तुमच्या सिस्टरला फोन लावायचे."

"आणि काय सांगायचात?"

"ती नाही म्हणायची, तेच मी सांगायचे. खोटं कसं सांगणार? मग म्हणायचे, असू दे, तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"किती दिवस विचारत होते?"

"मंगळवारीसुद्धा विचारलं," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं."