तेरावा होईपर्यंत

न्यायाधीशांनी चष्मा काढून समोर ठेवला आणि नोवाकला तोच प्रश्न पुन्हा विचारला. प्रतिवादीच्या हातात कागद नेमके कधी पडले?

"पंधरा फेब्रुवारीला," नोवाक म्हणाला.

"आणि मुदत?"

"अकराला संपत होती. पण दावा आम्ही जानेवारीतच दाखल केला होता."

नोवाक शैलजाचा वकील. दोघं आदल्या संध्याकाळी दुसऱ्या राज्यातल्या ट्रॉयहून मिनेसोटातल्या मिनिआपोलिसला आले होते. शैलजा ट्रॉयमधल्या एका शाळेच्या किचनमध्ये काम करायची. आजच्यासाठी तिने रजा घेतली होती. पलीकडच्या टेबलाशी विमा कंपनीचे दोन वकील होते आणि त्यांच्या मधोमध मनोहर. तिच्या नवऱ्याचा, रवींद्रचा, कॉलेजपासूनचा मित्र. अपघातानंतर ती त्याला पहिल्यांदाच पाहत होती. त्याचे केस पांढरे झाले होते. त्याने एकदाही या बाजूला मान वळवली नाही.

२००३च्या फेब्रुवारीत रवींद्र ऑफिसच्या कामासाठी मिनेसोटाला गेला आणि ईडन प्रेरीला मनोहरकडे उतरला. परतीच्या दिवशी मनोहर त्याला एअरपोर्टवर सोडायला निघाला. सिग्नल लाल असताना गाडी चौकात शिरली आणि बाजूने आलेला ट्रक रवींद्रच्या दारावर आदळला. मनोहरच्या मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. रवींद्र जागच्या जागी गेला.

उन्हाळ्यापर्यंत ट्रॉयच्या मराठी घरांतून एक वाक्य फिरू लागलं होतं. रवीच घाई करत होता म्हणे, फ्लाइट चुकेल म्हणून. शैलजाला हे तोंडावर कुणी सांगितलं नाही. तिची मुलगी सई मंडळाच्या पिकनिकला ऐकून आली आणि घरी येताना गाडीत मागच्या सीटवरून तिने विचारलं, "मॉम, वॉज बाबा रशिंग हिम?"

रवींद्र हा एअरपोर्टवर तीन तास आधी पोचून गेटपाशी शांतपणे डबा खाणारा माणूस. रव्याचं विमान अजून कारखान्यात असतं तेव्हा हा रांगेत उभा असतो, असं स्वतः मनोहरच चारचौघांत म्हणायचा. शैलजाने त्याला फोन लावला. तो म्हणाला, वहिनी, मला बोलायला मनाई आहे, इन्शुरन्सवाल्यांनी बजावलंय. त्यानंतर खरोखरच तो बोलला नाही.

बोलत राहिल्या त्या त्याच्या आई, अहिल्याबाई. सगळ्यांच्या माई. दर रविवारी त्यांचा ईडन प्रेरीहून फोन यायचा. एकदा शैलजाने विचारलं, माई, वकिलांना चालतं का हे?

"तो वकील मला कुठे ओळखतो," माई म्हणाल्या. "सईच्या डोक्याला तेल लावतेस ना?"

अपघाताचं मात्र त्यांनी कधी काढलं नाही, शैलजानेही नाही.

दावा लावला की मनोहरला शपथेवर बोलावं लागेल, हे नोवाक पहिल्यापासून सांगत होता. पैसे विमा कंपनी देणार, कागदावर नाव मात्र मनोहरचं. त्या नावापाशी शैलजा जवळजवळ तीन वर्षं अडली. तिला पैशांपेक्षा एकच उत्तर हवं होतं, तेही सईला ऐकवण्यासाठी. शेवटी ती तयार झाली, कारण सईने विचारणं बंद केलं होतं.

वादी एका राज्यातली आणि प्रतिवादी दुसऱ्या राज्यातला, म्हणून दावा फेडरल कोर्टात गेला. जानेवारीच्या अखेरीस तो दाखल झाला आणि फेब्रुवारीच्या एक तारखेला माई गेल्या. दोन दिवसांनी नोवाकचा फोन आला: आता माणूस पाठवून कागद मनोहरच्या हातात द्यायचे. शैलजा म्हणाली, थांबा. त्यांच्याकडे दिवस चालू आहेत, तेरावा होऊ दे. दिवस म्हणजे काय, तेरावा म्हणजे काय, हे नोवाकने नीट विचारून घेतलं. मग त्याने नियमांचं पुस्तक पाहिलं. दावा दाखल झाल्यावर कागद पोचवायला चार महिने मिळतात, तेव्हा खुशाल थांबू, असं तो म्हणाला. माणूस चांगला आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं. अजूनही वाटत होतं.

आता न्यायाधीश नोवाकला जे समजावत होते ते शैलजालाही समजत होतं, कारण ते सावकाश बोलत होते. नोवाकने वाचलेला नियम खरा होता. फेडरल कोर्टाचं कामकाज त्याच नियमांनी चालतं. पण हा दावा फेडरल कायद्यावर उभा नव्हता. अपघात, मृत्यू, त्याची भरपाई, हा सगळा मिनेसोटाचा कायदा. मृत्यूपासून तीन वर्षांची मुदतही मिनेसोटाची, आणि त्या मुदतीसाठी दावा कधी सुरू झाला हे ठरवणारा नियमही मिनेसोटाचाच. तिथे दावा कोर्टात दिल्याने सुरू होत नाही. समोरच्याच्या हातात पडतो तेव्हा सुरू होतो. हाच दावा रस्त्यापलीकडच्या राज्याच्या कोर्टात बुडाला असता, तर केवळ या इमारतीत आणला म्हणून तो तरणार नाही.

"तुम्ही थांबलात का?" न्यायाधीशांनी विचारलं.

नोवाकने सांगितलं. प्रतिवादीच्या आईचं निधन झालं होतं. माझ्या अशिलाने शोकाचे दिवस संपेपर्यंत थांबायला सांगितलं.

तेव्हा मनोहरने मान वळवली. शैलजा समोर बघत राहिली.

"ही त्यांची सभ्यता आहे," न्यायाधीश म्हणाले. "तिच्यामुळे मुदत वाढवण्याचा अधिकार मला नाही."

लेखी आदेश दोन आठवड्यांनी आला. दावा फेटाळला होता. मनोहरला शपथेवर कुणी काही विचारलं नाही, विचारायची वेळच आली नाही. अपिलात अर्थ नाही, हे नोवाकने स्वतः ट्रॉयला घरी येऊन सांगितलं. त्याने माफी मागितली. फी घेतली नाही. शैलजाने त्याला चहा दिला.

पुढच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, माईंचा फोन यायचा त्याच वेळेला, मनोहरचा फोन आला. शैलजा वाळलेले कपडे घडी करत होती. सई आतल्या खोलीत होती.

"वहिनी, आता बोललं तर चालतं," तो म्हणाला. "माईसाठी तुम्ही थांबलात, ते मला कोर्टात कळलं. विचारा काय ते."

तिने विचारलं. त्या दिवशी काय झालं?

"रस्ता ओला होता. ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. एकंदर परिस्थिती पाहता वेग योग्य होता."

ही तीन वाक्यं तिने वाचली होती. विमा कंपनीच्या वकिलांनी कोर्टाला दिलेल्या जबाबात ती याच क्रमाने होती, फक्त इंग्रजीत.

"ते नाही, भावजी. रवी घाई करत होता का?"

पलीकडे पावलं वाजू लागली. तो खोलीत येरझाऱ्या घालत असावा.

"वहिनी, चार वर्षं तेच तेच वदवून घेतलंय माझ्याकडून," तो म्हणाला. "गाडीत आम्ही काय बोललो ते आठवायला जातो आणि तीच वाक्यं येतात. शोधतो, सापडत नाही. खोटं नाही सांगत."

मग तिने माईंचं वर्षश्राद्ध झालं का, असं विचारलं. झालं, तो म्हणाला, गेल्याच आठवड्यात. गुरुजी मिळायला त्रास झाला. तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

सई दारात उभी होती. केव्हापासून, ते शैलजाला कळलं नाही.

"व्हॉट डिड ही से?"

शैलजाने टोपलीतून एक चादर उचलली आणि तिची दोन टोकं सईकडे दिली.

"विमानाला पुष्कळ वेळ होता, म्हणाला," ती म्हणाली. "बाबा म्हणत होता, सावकाश चालव."

सईने टोकं धरली आणि चादर ताणायला दोन पावलं मागे सरकली.