एका घराला एक कर्ता

घर म्हणजे:
    कर्ता: पुरुष. रिकामा चालणार नाही.
    वाडी: अक्षरं
    माणसं: आकडा
    सीट: दोन

कॉम्प्युटरला आकडा कळतो, अक्षर कळतं. घर कळत नाही. ते आपण शिकवायचं, आपला प्रकार आपण बांधायचा, असं श्रुतिकाला बीएससीच्या पहिल्या सत्रात सरांनी सांगितलं होतं. तिने बांधला. फक्त ‘आपला’ तेवढा राहिला, कारण घर म्हणजे काय हे दिंडोशीतल्या गावकरी मंडळात अण्णा ठरवतात. अण्णा अध्यक्ष आहेत. कधीपासून, हे कोणालाच आठवत नाही.

मंडळ गणपतीला गावी बस सोडतं. सीटांवरून दर वर्षी हाणामारी व्हायची, म्हणून यंदा कॉम्प्युटर.

“कर्ता पुरुषच व्हयो,” अण्णांनी बजावलं होतं. “आणि एक माणूस एकाच घरात. गेल्या वर्षी तुझ्या बाळाकाकाने दोन घरं दाखवून चार सीटा लाटल्यान.”

श्रुतिकाने दोन्ही नियम घातले. गुणी मुलगी.

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये नोंदणी झाली. चाळीस घरं विनातक्रार गेली. एकेचाळिसावं तिचं स्वतःचं.

    कर्ता: दत्ताराम
    नाही. हा माणूस घर बारामध्ये आहे.

दत्ताराम तिचे वडील. सहा वर्षांपूर्वी त्यांनी नालासोपाऱ्याला दुसरा संसार थाटला आणि आज सकाळीच फोनवरून त्याची नोंद करून घेतली. गावच्या घरात गौरी मात्र अजून श्रुतिकाची आई, मालनच बसवते. त्यासाठी सीट मिळवायला ती दर वर्षी नालासोपाऱ्याला जाऊन ‘कर्त्याची’ सही आणायची. यंदा तिने सांगून टाकलं होतं, सही आणणार नाही. गौरी राहिली तर राहिली. आत्ता ती कोपऱ्यात सगळ्यांना चहा देत होती.

“काय म्हणता तो?” अण्णांनी स्क्रीनकडे बघत विचारलं.

“नको म्हणतो. बाबा आधीच लागलेत.”

“मग बाळाक घाल. दीर आसा.”

    कर्ता: बाळा
    नाही. घर सात.

“धोंडिराम?”

धोंडिराम वाडीतले सगळ्यांत म्हातारे, चौऱ्याऐंशी वर्षांचे. मुलगा त्यांना भाजी कुठली आणू हेही विचारत नाही.

    कर्ता: धोंडिराम
    नाही. घर एकोणतीस.

हॉलमध्ये पुरुष तीस-पस्तीस होते, सगळे आपापल्या घराचे कर्ते. मालनसाठी त्यातला एकही शिल्लक नव्हता.

“रिकामा सोड.”

    नाही.

“ह्येका काय समजणा नाय,” अण्णा वैतागले.

“त्याला काहीच समजत नाही, अण्णा. तुम्ही मला सांगितलं, तेच मी त्याला सांगितलं. ‘पुरुष’ काढू का?”

सगळे पुरुष एकदम पंख्याकडे बघू लागले. पंखा नेहमीसारखाच फिरत होता.

“मंडळाची रीत आसा ती,” अण्णा म्हणाले.

“बरं. मग तुम्हाला घर एकमधून काढते आणि आमच्याकडे घालते.”

“घाल गो, घाल,” अण्णांची बायको राधाकाकू मागून म्हणाली. “माका तरी सुटका.”

बायका हसल्या. मग पुरुषही हसले. न हसून करतात काय. अण्णांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“काढ तो ‘पुरुष’. पण यंदापुरता.”

“यंदापुरतं असं ह्यात काही लिहिता येत नाही, अण्णा. असतं किंवा नसतं.”

    घर म्हणजे:
        कर्ता: माणूस. रिकामा चालणार नाही.

मालन हातातली किटली घेऊनच टेबलापाशी आली. लेकीने नाव टाइप केलं. स्क्रीन काही बोलली नाही. घर एकेचाळीस नोंदलं गेलं.

“सीट खंयची व्हयी?” अण्णांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

“बारा नंबरच्यांपासून लांबची,” मालन म्हणाली, आणि त्यांच्या कपात चहा ओतला.