डावीकडचा खिसा

चवलीएवढं बटण. कातड्याने मढवलेलं, मधोमध एकच टाका. तो टाका किंचित तिरपा गेलाय हे ज्योतीरामला आधी दिसलं, कडेचा दोरा नीट कापलेला नाही हे नंतर, आणि ज्या खिशाला ते बटण आहे तो खिसाच भलत्या बाजूला शिवलाय हे सगळ्यांत शेवटी. माणूस बघतो ते असंच. मोठी चूक एकदम अंगावर घेववत नाही, म्हणून आधी लहानसहान शोधून हाताशी ठेवतो.

खिसा गाडीच्या उजव्या अंगाला होता, ड्रायव्हरच्या पाठीमागे. बाईसाहेब डावीकडे बसायच्या.

तो मागच्या उघड्या दारात वाकून उभा होता, एक हात टपावर, आणि आतून नव्या कातड्याचा उग्र, अनोळखी वास येत होता. सकाळची शिफ्ट कंपनीत उतरवून, बस फाटकाशी लावून तो थेट इथे आला होता — चिंचवडच्या अलीकडे, मुंबई रस्त्याला लागून, कोंडाजीच्या पत्र्याच्या शेडमध्ये. कोंडाजी मूळचा इथलाच. खडकीला लष्कराची खोगिरं शिवण्यात उमेदीची वर्षं गेली, घोडे गेले तशी खोगिरं गेली, आणि आता तो मोटारींच्या गाद्या भरायचा. त्याच्या मते फरक एवढाच की मोटार लाथ मारत नाही.

गाडी ऑस्टिन, छत्तीस सालची. ज्योतीराम पूर्वी ज्यांच्याकडे ड्रायव्हर होता त्या दादासाहेबांची. दादासाहेब वारले, बाईसाहेब मुलाकडे इंदूरला गेल्या, बंगला विकला गेला, आणि गाडी आठ वर्षं बंगल्यामागच्या गोठ्यात कोंबड्यांखाली उभी राहिली. गेल्या दिवाळीत ज्योतीरामने ती तीनशेला घेतली. इंजिन त्याने स्वतः उघडलं, रविवारी रविवारी, कुणाला न विचारता; इंजिनाचं त्याला काही वाटलं नाही. पण आतलं... आतलं त्याच्या हातचं नव्हतं. उंदरांनी गादीतले घोड्याचे केस उपसून बिळं केली होती, छताचं कापड लोंबत होतं, दारांच्या लाकडी पट्ट्या वाळवीने खाल्लेल्या. कातड्याचा एक तळहाताएवढा तुकडा शाबूत मिळाला, डाळिंबाच्या सुकल्या सालीच्या रंगाचा. बाकी सगळं आठवणीतून उभं करायचं होतं, आणि आठवणारा माणूस एकच होता.

‘‘गाडी तीनशेला अन् गाडीचं प्वाट सव्वाचारशेला,’’ कोंडाजी पहिल्या दिवशी म्हणाला होता. ‘‘डायवरसाहेब, यात तुमचं लगीन दोनदा हुईल.’’

ज्योतीरामचा पगार पंच्याण्णव. तरी त्याने घासाघीस केली ती फक्त स्वतःच्या बाजूची. मागच्या सीटला खरं कातडं, चार तुकडे, पुण्याहून. पुढच्या सीटांना पिंपरी कॅम्पातल्या शेटजीकडचं रेक्झिन, रंगाशी रंग जेमतेम जुळणारं — पुढे कोण बसणार, मीच ना. मागे घोड्याचे केस, कारण काथ्या बसल्यावर करकरतो आणि बाईसाहेब बसल्या की कधी आवाज व्हायचा नाही, पुढे काथ्या. मागे पायाखाली गालिचा, पुढे गोणपाट. छताचं कापड अर्ध्यावर बदललं तर सोळा रुपये वाचतात हेही त्याने विचारून घेतलं होतं, पण अर्धं छत कसं बदलणार म्हणून कोंडाजी हसला. खर्चाचा कागद कुणी नीट वाचला असता तर त्याला गाडीविषयी फारसं कळलं नसतं.

कागदात शेवटी लिहिलं होतं : खिसा एक, बटणासह, चष्म्याकरिता. रुपये तीन.

‘‘कोंडाजीभाऊ,’’ तो म्हणाला, ‘‘खिसा डावीकडे सांगितला होता.’’

कोंडाजी पुढच्या सीटखाली घुसला होता. तो पाय आधी आणि डोकं नंतर असा बाहेर आला. ‘‘चित्रात हाय तितंच हाय.’’

‘‘चित्रात डावीकडेच आहे.’’

‘‘मग डावीकडंच शिवलाय की. तुमी हितं हुबं ऱ्हावा. सीटकडं तोंड करा. आता कुटं हाय?’’

समोरच्या दारातून, सीटकडे तोंड करून पाहिलं तर डावीकडे होता खरा. कोंडाजीने खुंटीवरचा कागद काढला — कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाची मागची बाजू, तिच्यावर ज्योतीरामने महिन्यापूर्वी शिसपेन्सिलीने काढलेली मागची सीट, मधला हात टेकायचा लोड, मागची लंबगोल काच, पडद्याची दोरी, आणि पानाच्या डाव्या अंगाला खिसा. कोंडाजीने कागद पाहिला, गाडी पाहिली, ज्योतीराम पाहिला. मग शेडच्या तोंडाशी जाऊन त्याने कागद उलटा करून उन्हासमोर धरला. पेन्सिलीच्या रेघा कागदातून पलीकडे आल्या. खिसा उजवीकडे गेला होता.

‘‘असं धरलं की बराबर येतंय,’’ तो सावकाश म्हणाला. ‘‘हे समोरनं बघून काढल्यालं न्हाई. हे आरशातनं काढल्यालं हाय.’’

‘‘अकरा वर्षं रोज पुसलीय मी ही सीट.’’

‘‘पुसली आसंल. बघितली न्हाई.’’ कोंडाजीच्या मिशीत काहीतरी हललं. ‘‘काय राव, आरशातच बघत व्हता व्हय सगळा येळ? मग मोटार कोन हाकत व्हतं?’’

यावर हसायला हवं होतं. ज्योतीराम हसलाही, पण जरा उशिरा, आणि कोंडाजीसारख्या माणसाला तेवढा उशीर पुरतो. कोंडाजीने डबीतले बारीक खिळे मूठभर घेऊन तोंडात भरले, गादीवाले भरतात तसे, एकेक जिभेने पुढे ढकलायला, आणि परत कामाला लागला.

...आरशात. दुसरीकडे कुठे बघायचं? तळहाताएवढा आरसा, आणि त्यात दर मंगळवारी बाईसाहेब, पुण्याला बहिणीकडे जाताना आणि येताना. जाताना त्या खिडकीबाहेर बघत, येताना मात्र त्यांचे ओठ हलत. पहिलं वर्षभर त्याला वाटलं, स्तोत्र म्हणतात. मग एकदा हाताचं बोट उगारलं गेलं, भुवई चढली, आणि त्याला कळलं — बाईसाहेब भांडताहेत. दादासाहेबांशी. आवाज न करता, मुद्द्यावर मुद्दा मांडत, मधेच थांबून त्यांचं उत्तर ऐकून घेत. बोपोडीला सुरुवात व्हायची, दापोडीचा पूल ओलांडला की रंगात यायचं, कासारवाडीला डोळे भरायचे. आणि पिंपरी मागे पडली की त्या चष्मा काढून पुसत, खिशात ठेवत, बटण लावत. बंगल्याच्या पायऱ्यांवर दादासाहेब विचारत, काय, झाला का प्रवास नीट? त्या म्हणत, हो. झालं. एवढंच. एवढ्या भांडणातलं एक अक्षर त्या घराने कधी ऐकलं नाही. मी ऐकलं. म्हणजे पाहिलं. आणि कुणाला सांगितलं नाही — स्वैपाकीणबाईंना नाही, माळ्याला नाही, गावाकडे बायकोलाही नाही. ज्योतीरामला स्वतःजवळचं मौल्यवान काय असं कुणी विचारलं असतं तर त्याने हेच काढून दाखवलं असतं, आणि दाखवण्यासारखं ते नव्हतं, म्हणून तर जवळ राहिलं.

आता कंपनीच्या बसच्या आरशात चाळीस माणसं दिसतात. सगळी झोपलेली.

देवळातल्या गुरुजींनी सहज सांगितलं होतं : बाईसाहेबांचं पत्र आलंय, चतुर्थीला शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतात, अभिषेक करून संध्याकाळी परत; स्टेशनवरून टांगा करीन, कुणी त्रास घेऊ नये. या ‘कुणी’त आपण आहोत की नाही, यावर ज्योतीरामने तीन-चार रात्री घालवल्या आणि शेवटी आहोत असं ठरवलं. पत्र गुरुजींना होतं, त्याला नव्हतं, त्याचं नावही त्यात नव्हतं. पण त्रास घ्यायला दुसरं उरलं होतं कोण? शुक्रवार म्हणजे उद्या. उद्या तो स्टेशनबाहेर दार उघडून उभा राहणार, बाईसाहेब बसणार, त्यांचा हात न बघता खिशाकडे जाणार, आणि त्या म्हणणार... तसंच आहे रे, ज्योतीराम. एवढंच. घासाघीस वजा जाता सातशे साडेबारा रुपयांत हे एक वाक्य. आणि हात जाणार त्या जागी खिसा नाही.

‘‘उसवून डावीकडे घेता येईल?’’

कोंडाजीने खिळे तोंडातून हातात काढले. ‘‘यील की. संध्याकाळपातुर करतो. पर भोकं ऱ्हात्यात. कातडं हाय ते, लुगडं न्हवं. सुई गेली की गेली.’’ मग, ‘‘बसून तर बगा आदी. हात पुरतोय का न्हाई ते तरी कळंल. का मापबी आरशातनंच घ्यायचं?’’

बसून. मागे? या गाडीत मागे तो कधी बसला नव्हता. गुडघा टेकवून पुसलं होतं, वाकून कंदील ठेवला होता, एकदा दादासाहेबांना उचलून आडवं केलं होतं, बसला नव्हता. गाडी आता त्याची होती, कागदावर त्याचं नाव होतं, तरी त्याने चपला काढल्या आणि हे कोंडाजीने पाहिलं हेही त्याला दिसलं. तो डाव्या कोपऱ्यात बसला. आवाज झाला नाही. केसांची गादी हळूहळू खाली गेली आणि एका जागी थांबली. किती खोल... पुढच्या सीटवरून माणूस रस्त्याच्या वर असतो, इथे सगळं अंगाभोवती येतं. या एवढ्या जागेत त्या भांडत होत्या तर.

कोंडाजी पुढे ड्रायव्हरच्या जागी बसला, रेक्झिनची कड दाबून खिळे मारायला. तोंड खिळ्यांनी भरलेलं. ज्योतीरामने मान वर केली.

आरशात कोंडाजी होता. कपाळ, दोन्ही भुवया, डोळे, नाकाचा वरचा भाग — इतका स्वच्छ की डाव्या डोळ्याखालचा तीळही दिसावा. तो खाली बघत होता, हातोडीकडे. मग हातोडी थांबली, कोंडाजीचे डोळे वर आले आणि सरळ ज्योतीरामच्या डोळ्यांत बघू लागले. तोंड भरलेलं, म्हणून त्याने फक्त भुवया उंचावल्या : काय?

काही नाही.

आरसा दोन्हीकडून दिसतो. हे पोराला कळतं. हे मला, ज्याचा जन्म आरशाखाली गेला त्याला... म्हणजे त्यांना माझे डोळे दिसत होते. ओठ हलत होते तेव्हाही. बोपोडीपासून. मी बघतोय हे बघत त्या भांडत होत्या — मग ते भांडण दादासाहेबांना ऐकवायचं होतं, की निदान एका माणसाने तरी बघावं म्हणून होतं? की मी असून नसल्यासारखा, दाराच्या मुठीसारखा...

नाही. मुठीपासून लपायला कुणी जागा बदलत नाही. शेवटची दोन वर्षं त्या डावीकडे बसल्याच नाहीत.

हे तो विसरला नव्हता. त्याने ते वेगळ्या खात्यात टाकलं होतं, उन्हाच्या. सेहेचाळीसचा श्रावण. सोमवारी गावाकडून तार आली, बायको गेली. पोचायला दोन दिवस, माती तर तोवर झालेली. मंगळवार होता म्हणून त्याने गाडी काढली. कुणाला बोलला नाही. खडकीपर्यंत हात नीट होते, मग रस्ता दिसेना, आणि त्याने बाहीने तोंड पुसलं, एकदा, दोनदा, कुणाला कळू न देता — कुणाला कळणार होतं, मागे तर बाईसाहेब होत्या आणि बाईसाहेबांना मी बघायचो. परतताना त्या उजवीकडे बसल्या. त्याच्या पाठीमागे, आरशात न येणाऱ्या जागी. ‘‘तिकडे ऊन लागतं रे,’’ म्हणाल्या. त्यानंतर कायम तिथेच. खिसा डावीकडे राहिला, चष्मा त्या मांडीवर ठेवू लागल्या, एकदा तो खाली पडून फुटलाही. आणि ज्योतीराम दोन वर्षं आरशातल्या रिकाम्या सीटकडे बघत गाडी चालवत राहिला आणि उन्हाला बोल लावत राहिला.

चार दिवस पावसाची झड होती तेव्हा. ऊन नव्हतं.

मग काय? रडताना दिसलो म्हणून मला एकटं सोडलं? की मी बघतो हे त्या दिवशी कळलं आणि स्वतःला वाचवलं? दोन्ही बाजूंना तेवढेच पुरावे होते, आणि विचारायचं तर उद्या, स्टेशन ते देऊळ, दीड मैलात, आणि असलं काही ज्योतीरामने कधी कुणाला विचारलेलं नव्हतं.

तो सीटवरून सरकत उजवीकडे आला. लोड मधे होता, तो वर उचलून. ड्रायव्हरच्या पाठीमागे टेकून बसला. इथून आरशात कोंडाजी नव्हता; पलीकडचा रस्ता होता, एक बाभूळ, बैलगाडीचं अर्धं चाक. हात त्याने सोडला आणि तो खिशावर पडला. बटण नव्या भोकात अडत होतं. आत काही नव्हतं, फक्त ताठ कातडं आणि आतल्या बाजूला राहिलेला एक दोरा.

कोंडाजीने खिळे ओंजळीत ओकले. मागे न बघता त्याने विचारलं, ‘‘मग, उसवू? का ऱ्हाऊ द्यू?’’

‘‘थांब जरा.’’

‘‘थांबतो की. आमाला कुटं गाडी गाटायची हाय.’’

समोर, एक हात अंतरावर, कोंडाजीची मान होती. घामाने चकाकणारी, आडव्या सुरकुत्यांची, कॉलरची कड विरलेली, केस वाढून खाली उतरलेले, कानामागे भुश्याचा एक कण. किती उघडी असते मान. तिला बघणाऱ्यापासून काही लपवता येत नाही आणि तिच्या मालकाला ते माहीत नसतं. ज्योतीराम तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा हात, खिशातून निघून, सावकाश वर गेला आणि स्वतःच्या मानेवर टेकला — तिथे तो थोडा वेळ चाचपडत राहिला, ती दोन वर्षं दर मंगळवारी इथून बाईसाहेबांना काय दिसत असेल ते शोधत.