स्टिअरिंगकडे चाललेली भेग

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर वडूजबाहेरच्या माळावर चला. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव, चैत्रातली दुपार. उघड्या माळावर चौदा जुन्या गाड्या एका रांगेत उभ्या, सगळ्यांच्या काचा घट्ट बंद. भोवती दोनशे माणसं, पण कुणी खोकतसुद्धा नाही. तुमच्या आईनं तुमचा दंड धरून ठेवलाय.

आता उघडा डोळे. त्या गर्दीत तुम्ही नव्हता. दहा वर्षांची शिवांजली होती, आणि त्या दिवशी तिला घरातून कायमचं धाडायचं ठरलं होतं.

तिचे वडील हंबीरराव फौजेतून आलेले. जुनी पांढरी टॅक्सी घेऊन पाचगणीची भाडी करायचे. गोळीला न भ्यालेला हा माणूस महिनाभर एका भेगेला भीत होता. पुढच्या काचेखाली, डॅशबोर्डवर, शिवांजली बसायची तिथं केसाएवढी भेग पडली आणि हळूहळू स्टिअरिंगकडे सरकू लागली. स्टँडवर कुणीतरी आप्पासो महाराजांचं नाव सांगितलं.

महाराजांनी भेगेवरून बोट फिरवलं. "हंबीरराव, ही भेग न्हाई, मरणाची वाट हाय! मशिनीला बी आत्मा असतोय. आत्मा तडकला की तडा चालाय लागतोय. स्टेरिंगला पोचला की डायवर खलास. ग्यारंटी!" मग हळूच विचारलं, "हितं कोण बसतंय?"

"पोरगी."

"अवसेची जल्मली व्हय?"

हंबीररावांचा चेहरा उतरला. पोर अमावास्येची, हे अख्ख्या स्टँडला ठाऊक होतं. पण महाराजांना ते तिथूनच कळलं असेल, हे त्या घटकेला त्यांच्या ध्यानात आलं नाही.

महाराजांनी उपाय दिला. दर गुरुवारी गाडी माळावर आणून, काचा लावून उन्हात 'तापवायची'. एरवी मंत्रानं भारलेलं घोंगडं डॅशबोर्डवर पसरायचं. आणि अमावास्येला पोरगी जतला मावशीकडं पोचवायची, ती परत आणायची नाही. नवल असं, की घोंगडं पसरलं की भेग खरंच थांबायची! म्हणून तर भेगा पडलेल्या गाड्या घेऊन माणसं येत होती, पाया पडत होती.

शिवांजली गाडीला हातही लावेना. शेवटी ती स्टँडमागच्या हरिबाच्या दुकानात गेली. हरिबा गाड्यांची कुशनं शिवायचा.

"हरिबाकाका, माझ्यामुळं आबा मरत्याल व्हय?"

हरिबानं मशीन थांबवलं. "कोण म्हणतंय असं? आगं, ती काचंखालची फळी मऊ ऱ्हावी म्हणून कारखान्यात तिच्यात तेलासारखं काहीतरी मुरवत्यात. काचेआडचं ऊन ते उडवून लावतंय. मग ती वाळतीया, आकसतीया आन् तडकतीया. गाडी सावलीला लावावी, काच दोन बोटं उघडी ठेवावी, वर कापड टाकावं. सांगलीला आप्पासो माझ्या हाताखाली हुता, तवा मीच त्याला शिकवलं हे."

"मग लोकास्नी सांगत का न्हाई?"

"सांगितलं की! म्हणाले, हरिबाला गिऱ्हाईक पायजे." त्यानं कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. "माझंबी खरं धरू नगंस. भेगेच्या टोकाला रोज खूण कर. मग तूच मला सांग."

अमावास्येच्या दुपारी माळावर टॅक्सीच्या डिकीत शिवांजलीची पत्र्याची पेटी ठेवलेली होती. महाराज गरजले, "आज भेग पोचनार! पोरीला फुडं आणा!"

तिनं आईच्या हातातून दंड सोडवला आणि टॅक्सीचं दार उघडलं.

"आबा, ह्या खुणा मी केल्यात. ह्यो बुधवार, ह्यो गुरुवार. गुरुवारी गाडी हितं तापत हुती, भेग बोटभर सरकली. तवा मी साळंत हुते."

"गप गं!" महाराज ओरडले.

"आन् ह्यो रविवार. गाडी लिंबाखाली हुती. मी घोंगडं काढलं, आईचं जुनं लुगडं टाकलं आन् च्यार तास फुडंच बसले. लय भ्याले. पर भेग केसभर हलली न्हाई."

तिची आई मनुबाई पुटपुटली, "माज्या लुगड्यावर कुणी मंत्र घातला म्हणायचा?"

"पोरीच्या तोंडनं दुसरंच कोन तरी बोलतंय!" महाराज मागं सरकत म्हणाले.

शिवांजलीनं माळाच्या कडेला बोट केलं. तिथं एकच झाड होतं, आणि त्याखाली महाराजांची जीप, टॅक्सीइतकीच जुनी. "मग तुमची गाडी सावलीला का? तिच्या काचा उघड्या का?" ती धावत गेली आणि आतला टॉवेल उचलला. खालचा डॅशबोर्ड गुळगुळीत होता.

"आप्पासो," गर्दीतून हरिबा ओरडला, "शिकवल्यालं ध्यानात हाय की रं गड्या!"

"त्ये... त्ये येगळं हाय," महाराज म्हणाले. त्यांची ग्यारंटी संपली होती.

हंबीररावांनी पेन्सिलीच्या एकेका खुणेवर बोट ठेवून पाहिलं. मग डिकीतली पेटी त्यांनी मनुबाईच्या हातात दिली आणि घोंगडं महाराजांच्या पायाशी टाकलं. "शिवा, चल बाळा. फुडं बस."

मुलांनो, भीती वाटण्यात लाज नाही. शिवांजलीही भ्याली होती. पण तुमच्यामुळं कुणाचं वाईट होणार असं कुणी सांगितलं, तर त्याला विचारा, कशावरून? एक खूण करा, थांबा, मोजा. मी सांगतो तेही तपासून घ्या.

शिवांजली मात्र लगेच गाडीत बसली नाही. बाकीच्या तेरा गाड्या अजून उन्हात भाजत होत्या. ती शेजारच्या गाडीपाशी गेली, तिनं दार उघडलं आणि ती दोन्ही हातांनी हँडल फिरवून काच खाली घ्यायला लागली.